त्या रफूबद्दल तुलाच लिहिते आहे

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय ठमे,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दीड वर्षात मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर पणतीचे चित्र पाठवून गप्प बसले, याबद्दल तू जे म्हणशील ते मला मान्य आहे. माझी तब्येत बरी आहे, मान अधूनमधून धरते, बाकी काही नाही. गेल्या मंगळवारी माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती सांगायला मला तुझ्याखेरीज माणूस नाही, कारण हीच गोष्ट एकदा तुझ्याही बाबतीत माझ्या हातून झाली होती. हिरवे पातळ म्हटले की तुला कळेल.

महिन्याभरापूर्वी एक ताई त्यांच्या आईचे नऊवारी इरकल घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झाले होते. नऊवारी आता घरात कोणी नेसत नाही आणि कपाटात ठेवून घडीवर चिरते आहे, तेव्हा त्यांना स्वतःसाठी एक आणि दोन मुलींसाठी दोन असे तीन स्कर्ट हवे होते. काय लुगडे होते ते! गर्द निळे सुती अंग, गोमीचा काठ आणि तांबडा रेशमी पदर, त्यावर ते पांढरे पट्टे. पदराचा ताणा (उभे धागे) आणि अंगाचा ताणा वेगळे असतात आणि मागावरच फासे अडकवून ते जोडतात, त्या कोंडीचा सांधा शिवणवर्गातल्या बाईंनी आपल्याला भिंगातून दाखवला होता, आठवते? तो इतक्या वर्षांनीही जागचा हलला नव्हता. सूत मात्र धुऊन धुऊन असे मऊ झाले होते की कातर लावायच्या आधी मी पाच मिनिटे नुसता हात फिरवत बसले. तुला हे वाचून बरे वाटेल, कारण मी कापडाला हात लावत नाही, फक्त टेप लावते, असे तू म्हणायचीस.

ताईंना आधी अंब्रेला, म्हणजे पूर्ण गोल घेराचा स्कर्ट, हवा होता. मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला की कंबर ३४ इंच म्हणजे मधल्या वर्तुळाची त्रिज्या जवळजवळ साडेपाच इंच, त्यात ३६ इंच उंची मिळवली की एक्केचाळीसच्या वर जाते, आणि मुख्य म्हणजे इरकलचा काठ सरळ विणलेला, तो गोलाकार घेराला वळणारच नाही. काठ कापून वेगळा लावावा लागला असता आणि मग ते इरकल राहिले नसते. त्यापेक्षा चुण्यांचा स्कर्ट केला तर पन्हा (कापडाची रुंदी) ४६ इंचांचा असल्यामुळे खालचा काठ जसाच्या तसा घेराला येतो आणि वरचा उरलेला पट्टा काठासकट नेफ्याला लागतो. त्यांना ते पटले. कमरेच्या अडीच-तीन पट घेर धरून ताईंना अडीच मीटर आणि मुलींना दोन-दोन मीटर असे मी लिहून घेतले. अस्तरासकट प्रत्येकी ८०० रुपये ठरले. (हो, ८००. आपण ४५० वर भांडलो होतो तेव्हा तू म्हणालीस की मजुरी कमी सांगणे हा आपल्याच हातांचा अपमान आहे. ते भांडण तू जिंकलीस, हे मी आज लेखी देते.)

आता मुख्य गोष्ट. बेतायला बसले तेव्हा निऱ्यांच्या बाजूला, काठापासून वीतभर वर, मला रफू लागली. दोन बोटे रुंदीची होती. मी दिव्याखाली धरून पाहिली, आणि खोटे कशाला सांगू, काम फार चांगले होते. लुगड्याच्या शेवातलेच धागे काढून, एक खाली एक वर असे विणून छिद्र भरले होते, आणि फक्त एका कोपऱ्यात शेवाचा धागा संपला म्हणून असेल, चार ओळी जरा काळपट दोऱ्याने घातल्या होत्या. त्या चार ओळींमुळेच ती दिसत होती. मी खडूने दोन्ही बाजूंना खूण केली आणि वीतभर रुंदीची पट्टी पन्हाभर सरळ कापून बाजूला काढली. गिऱ्हाइकाला दोष असलेला माल द्यायचा नाही, हा माझा नियम. पट्टी चिंध्यांच्या पिशवीत गेली.

कापड कमी नव्हते, ठमे. सव्वाआठ मीटर लुगड्यातून मला साडेसहा मीटर लागत होते, पदर बाजूला ठेवला तरी अर्धा मीटर उरत होता. ती रफू मला चुणीच्या आत सहज घेता आली असती. ती चुण्यांखाली गेली असती, दिसली नसती आणि तिथेच राहिली असती. बाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवले होते की जुन्या कपड्याचा डाग आधी चुणीत बसतो का ते बघावे आणि मग कातर उचलावी. मी बघितलेच नाही. त्या आठवड्यात मला अकरा स्कर्ट द्यायचे होते.

मंगळवारी ताई घ्यायला आल्या. शिलाई बघून खूश झाल्या. जुन्या सुताला १४ नंबरची सुई भोके पाडते म्हणून मी ११ नंबरची लावली होती आणि नेफ्याला हाताने हेम घातली होती, ते त्यांनी उलटून पाहिले. मग त्यांनी स्कर्ट मांडीवर घेतला आणि काठ दोन्ही हातांत धरून घेर हळूहळू पुढे सरकवू लागल्या, जपमाळ ओढावी तसा. पूर्ण घेर फिरला. मग मुलींच्या दोन्ही स्कर्टचे घेर फिरवले. मी विचारले, ताई, काही राहिले का? त्या म्हणाल्या, ‘आईची रफू कुठे गेली? चुलीतला निखारा उडाला होता आणि रात्री दिवे गेले होते, तेव्हा तिने ती भरताना कंदील मी धरला होता.’

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, तो तुकडा मी जपून वेगळा ठेवला आहे, पुढच्या आठवड्यात देते. अगदी सहज म्हणाले. त्यांनी माझा हात धरला, आभार मानले, पैसे दिले आणि गेल्या.

तुझ्या आईच्या हिरव्या पातळावरचा हळदीचा डाग मी असाच कापून टाकला होता. तुझ्या साखरपुड्याच्या दिवशीचा तो डाग आहे हे मला माहीत नव्हते, असे मी तेव्हा म्हणाले, आणि तू म्हणालीस, ‘तू विचारले नाहीस.’ चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि पाचव्या दिवशी बोललीस ते बॉबिन मागायला. नंतर आपण दोघींनी धंदा सुरू केला तेव्हाही आपले भांडण हेच होते. तू प्रत्येक गिऱ्हाइकासोबत अर्धा-अर्धा तास साडी उलगडून बसायचीस, हा ठिपका कसला, हे कधीचे, असे विचारायचीस, आणि मी म्हणायचे की अशाने महिन्याला दहा स्कर्टही होणार नाहीत, तू कापड कुरवाळत बस, धंदा मी बघते. तुझी बदली झाली म्हणून आपण वेगळ्या झालो असे मी सगळ्यांना सांगते. बदली नसती झाली तरी ते एक वाक्य पुरेसे होते, हे मला पक्के ठाऊक आहे. आज महिन्याला तीस स्कर्ट जातात. मुंबईला जातात, नागपूरला जातात, दोन अमेरिकेलाही गेले. साडी दारात घेते, माप लिहून घेते, चिठ्ठी टाचते आणि पुढची घेते. विचारत काही नाही.

ताई जिना उतरल्या आणि मी पिशवी शोधायला घेतली. पिशवी नव्हती. दर महिन्याच्या शेवटी गोधडीवाल्या अक्का येऊन चिंध्या घेऊन जातात, तशा त्या घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या नातवाचे बारसे झाले आणि त्यासाठी त्यांनी गोधडी शिवली. बुधवारी मी त्यांच्याकडे गेले. गोधडी बाळाखालीच होती. अक्कांनी बाळाला उचलून सुनेच्या हातात दिले आणि मी खाली बसून तुकडा न् तुकडा पाहिला. तुला शोभतील असे रंग लावले आहेत अक्कांनी. तुझ्या वेळची ती मोरपंखी खणाची चिंधीसुद्धा त्यात आहे, ती इतके दिवस कुठे होती कोण जाणे. निळी पट्टी कडेला, डाव्या कोपऱ्यात सापडली. अक्का कडेने आत आत चौकोनात धावदोरा घालत जातात ना, त्यातल्या दोन ओळी रफूच्या बरोबर वरून गेल्या आहेत. अक्कांचे पांढरे टाके आणि खाली त्या माउलीचे निळे. काळपट चार ओळी तशाच आहेत.

अक्कांना मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘उसव की, त्यात काय, पोराला दुसरा तुकडा लावीन.’ मी उसवणी हातात घेतली आणि ठेवून दिली. एक तर सूत जुने, टाके ओढले तर रफूच सुटेल अशी भीती वाटली. दुसरे म्हणजे मी ती गुपचूप काढून, इस्त्री करून, पाकिटात घालून ताईंना दिली असती तर त्यांना कधीच कळले नसते, आणि तेच मला करायचे होते हे माझ्या ध्यानात आले. मंगळवारपासून मला नीट झोप नाही. हे तुझ्या भावाला किंवा आमच्या ह्यांना सांगितले तर म्हणतील, एवढ्याशा तुकड्यापायी? तू तसे म्हणणार नाहीस.

उद्या सकाळी मी ताईंना फोन करणार आहे. तुकडा जपून ठेवला नव्हता, मी खोटे बोलले, हे आधी सांगणार आणि मग तो कुठे आहे ते सांगणार. त्यांना हवा असेल तर तुकडा काढून त्यांच्या स्कर्टच्या आतल्या बाजूला, नेफ्याखाली, हाताने लावून देईन. त्या रागावल्या तर ऐकून घेईन. दुसऱ्या कोणी वाचायच्या आत तू हे वाचावेस आणि फोन करण्याआधी हे कुठेतरी लिहिलेले असावे, म्हणून रात्रीच बसले. नाहीतर सकाळी माझी जीभ पुन्हा खोट्याकडे वळेल.

आणि एक ठरवले आहे. सोमवारपासून साडी दारात घेणार नाही. चटईवर पूर्ण उलगडून, गिऱ्हाइकाला शेजारी बसवून, जिथे डाग, ठिगळ, रफू असेल तिथे विचारून खडूची खूण करणार. तीसच्या जागी वीस झाले तरी चालेल. तू हे कसे करायचीस ते मला सविस्तर लिही, पहिला प्रश्न काय विचारायचीस तेही लिही, कारण मी तेव्हा लक्ष देऊन ऐकले नव्हते.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? लेकीची दहावी कशी चालली आहे? तिला माझे आशीर्वाद सांग आणि तिची कंबर-उंची मोजून पाठव, चुण्यांचा हवा की कळ्यांचा तेही विचार. तुझ्या ह्यांचे नवे ऑफिस लांब पडते असे वहिनी म्हणत होत्या, खरे का?

ताईंनी तुकडा मागितला तर उसवायला मला एकटीला धीर होणार नाही. पुढच्या शनिवारी सुट्टीला जोडून येता येईल का बघ. रफूची तुझी ती बारीक सुई अजून माझ्याच डब्यात आहे, तू नेलीच नाहीस, आणि मी दिलीही नाही. टाके ओढताना एखादी ओळ सुटली तर ती भरायला तुझाच हात लागेल, आणि उजेड मी धरीन.

तुझीच,
शेजारच्या मशीनवरची