चितारआळीत दुकान काढण्याआधी

महोदय,

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकाने कमी होत आहेत, याची हळहळ वृत्तपत्रांतून अधूनमधून व्यक्त होते. याच आळीत हस्तकलेचे छोटे, स्वतंत्र दुकान काढू पाहणारी तरुण मंडळीही आहेत. हळहळीपेक्षा त्यांना आकडे आणि माहिती हवी असते, म्हणून हे पत्र.

झाराप–पत्रादेवी चौपदरी मार्ग झाला आणि मुंबई–गोवा वाहतूक शहराबाहेरून जाऊ लागली. पूर्वी गोव्याला जाणारी गाडी मोती तलावाजवळ हमखास थांबे आणि तासभर आळीत रेंगाळे. ते गिऱ्हाईक आपोआप मिळत असे, आता ते बोलवावे लागते. नव्या दुकानाचा हिशेब याच बदलापासून सुरू करायला हवा.

दहा बाय बाराचा गाळा धरू. भाडे ७,००० रुपये, वीज १,५००, पिशव्या-खोके १,५००, किरकोळ २,००० आणि एका मदतनीसाचे ९,००० असा महिन्याचा बांधील खर्च २१,००० रुपये होतो. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची खरेदी वजा जाता ३५ रुपये सुटतात असे धरले, तर एवढा खर्च भागवायलाच महिन्याला ६०,००० रुपयांची विक्री लागते. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे २,३०० रुपये, म्हणजे सरासरी २५० रुपयांची नऊ-दहा बिले. यात मालकाची मजुरी नाही. स्वतःसाठी १५,००० रुपये धरले की विक्री १ लाखाच्या वर न्यावी लागते आणि रोजची बिले सोळावर जातात. पागडी, अनामत किंवा फर्निचर यांबद्दल बोलण्याआधी ज्या गाळ्यासमोर दुकान काढायचे तिथे एक आठवडा, सकाळ-संध्याकाळ उभे राहून किती माणसे थांबतात ते मोजावे. नुसती जाणारी मोजू नयेत. सोळा बिलांसाठी निदान साठ-सत्तर माणसे आत यायला हवीत, कारण हस्तकलेच्या दुकानात पाहणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असतात.

घासाघीस हा या हिशेबाचा मोठा शत्रू आहे. कारागिराकडून १३० रुपयांना घेतलेली वस्तू २०० ला विकली तर ७० रुपये उरतात. गिऱ्हाइकाने २० टक्के कमी करून घेतले की १६० हाती येतात आणि नफा ७० वरून ३० वर घसरतो. सूट किमतीवर वीस टक्के दिसते, नफ्यातून मात्र निम्म्याहून अधिक जाते. म्हणून प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवावी आणि ती एकच ठेवावी. चिठ्ठीवर लाकूड कोणते आणि काम कुठले हेही लिहावे. चिठ्ठी नसलेल्या वस्तूचा भाव गिऱ्हाईक आपल्या मनाने ठरवते.

सुरुवातीला माल किती भरावा? दीड लाखाच्या वर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातला मोठा भाग दोनशे रुपयांच्या आतल्या वस्तूंचा असावा: भोवरे, रवी, भातुकलीचे सुटे जिन्नस, सुटी लाकडी फळे. त्यावर फळांची तबके, पोळपाट-लाटणी, पूर्ण भातुकली. चौरंग, पाळणे आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, मोजकेच. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० हातरंगी पाने असतात. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, तिचा मान दुकानात दिसायलाच हवा. पण पूर्ण संच हजारो रुपयांचा असतो. एक दर्शनी ठेवावा आणि बाकी मागणीनुसार करून घ्यावेत, नाहीतर भांडवल कपाटात अडकते.

शेल्फचा निदान तिसरा हिस्सा गावकऱ्यांसाठी राखावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पर्यटकांवर चालणारे दुकान दिवाळी ते जानेवारी आणि मे महिन्यात चालते, जूनमध्ये मान टाकते. पाट, चौरंग, रवी, पोळपाट, बारशाची खेळणी आणि गणपतीच्या आराशीसाठी लाकडी फळे घ्यायला गावातलेच लोक येतात. चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हाचा माल मेमध्येच सांगून ठेवावा लागतो. पावसात लाकूड वाळत नाही आणि रंगही सुकत नाही.

लाकडाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तक्रारी इथेच उभ्या राहतात. फळांसाठी पांगारा पूर्वापार वापरतात. तो हलका, कातायला सोपा, पण ओला वापरला तर महिन्या-दोन महिन्यांत देठापासून तडकतो. कीडही त्याला लवकर लागते. वस्तूखाली पिठासारखा भुगा दिसला की ती ताबडतोब वेगळी काढावी, शेजारच्या वस्तू तपासाव्यात. लाकडातला ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र दीड-दोन हजारांत मिळते, ते घ्यावेच. उन्हाळ्यात १२ टक्क्यांच्या वर ओलावा दाखवणारा माल घेऊ नये. इथे पावसाळ्यात चांगले लाकूडही ओल धरते. तेव्हा वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली की आत बुरशी येते. उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवावी. तेलरंगाची फळे वर्तमानपत्रात बांधली की शाई उठते आणि रंग पुरता सुकला नसेल तर कागदच चिकटतो. बटर पेपर वापरावा. लाखेचा माल दर्शनी काचेत दुपारच्या उन्हात ठेवू नये, लाख उष्णतेने मऊ होते आणि चकाकी जाते.

खेळणी विकायची तर रंगाची चौकशी करणे हे कर्तव्य आहे. लहान मूल वस्तू आधी तोंडात घालते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग इतकी आहे, आणि तसा उल्लेख डब्यावर असतो. गाडीला मारायचा रंग या नियमात येत नाही. स्वस्त आणि झटपट सुकतो म्हणून कोणी तो वापरत असेल तर तो माल घेऊ नये. रिकामा डबा दाखवायला सांगण्यात कारागिराचा अपमान नाही.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते लागू होते. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकनाच्या (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख) अधिकृत वापरकर्त्यांना यातून सूट आहे. सूट कारागिराला आहे, दुकानाला नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रत्येक कारागिराच्या ओळखपत्राची प्रत आणि खरेदीची पावती फाईलला लावून ठेवावी. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता होण्याची फी १० रुपये आहे. दुकानदाराने कारागिराला तो अर्ज भरून दिला, तर दोघांचाही फायदा. परप्रांतातला यंत्रावरचा माल सावंतवाडीचा म्हणून विकणे तर सरळ फसवणूक आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा माल ठेवायचा असेल तर चिठ्ठीवर चन्नपट्टण लिहावे. त्यांचेही मानांकन आहे आणि त्यांचीही कला आहे.

कारागिराशी व्यवहार जांगडावर (वस्तू विकली की पैसे, नाहीतर माल परत) करावा की रोखीने? जांगडाने दुकानदाराचे भांडवल वाचते, पण वस्तू विकली जाईपर्यंत कारागीर उपाशी. पहिल्या वर्षी नेहमी खपणारा माल रोखीने आणि महागडा माल जांगडावर घ्यावा. जांगडाची मुदत ९० दिवसांपेक्षा जास्त नसावी. हिशेब महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आणि लेखी व्हावा. तुटफूट कोणाच्या अंगावर, हेही त्याच कागदावर. पावसाआधी उचल द्यावी लागते, ती रक्कम भांडवलात आधीच बाजूला काढावी.

कुरिअरने माल पाठवताना हलके लाकूडच महागात पडते. तीस सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा खोका, आकारमान भागिले ५,००० या नेहमीच्या सूत्राने, ५.४ किलोचा धरला जातो. आत फळे दीड किलोची असली तरी आकार ५.४ किलोचा. म्हणून फळे एकात एक बसतील असा छोटा, पाच पदरी खोका करून घ्यावा आणि पाठवणी किमतीत न धरता वेगळी सांगावी.

कागदपत्रे अवघड नाहीत. एक-दोन कामगारांच्या दुकानाला दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते, लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. गोवा मात्र दुसरे राज्य आहे. तिथे माल पाठवायचा तर हस्तकलेच्या वस्तूंसाठीच्या सवलतीच्या अटी, पॅन आणि ई-वे बिल, कर सल्लागाराकडून आधी समजून घ्याव्यात. भातुकली आणि खेळणी बनवणाऱ्या कारागिरांना २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळते. पहिला हप्ता १ लाखापर्यंत असतो. विजेचा घरगुती मीटर दुकानाला वापरू नये, दंड वर्षभराचा नफा खातो.

वेळेबाबत एक विनंती. दुपारी दीड ते साडेचार आळी झोपते आणि गोव्याहून परतणाऱ्या गाड्या जेवायला याच वेळी गावात शिरतात. निदान नव्या दुकानाने दुपारी दार उघडे ठेवावे आणि त्याऐवजी सकाळी उशिरा उघडावे. पावसाळ्यात आंबोलीला जाणारी गर्दी शनिवार-रविवारची असते, तेव्हा साप्ताहिक सुट्टी त्या दोन दिवशी घेऊ नये.

आता गाळेमालकांना सांगणे. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी दुकान बसवू शकत नाही. हस्तकलेच्या दुकानाला तीन हंगाम लागतात. तीन वर्षांचा करार करा, भाडेवाढ आधीच लिहून ठेवा. भाडेवाढ न धरता ७,००० भाडे आणि ५०,००० अनामत असेल तर तीन वर्षांच्या कराराचे मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आत येते, नोंदणी फी १,००० रुपये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. गाळा दोन वर्षे कुलूपबंद ठेवण्यापेक्षा पहिले सहा महिने अर्ध्या भाड्याने देण्यात तोटा कमी आहे.

नगरपरिषदेकडे तीन मागण्या आहेत. झाराप आणि पत्रादेवी, दोन्ही बाजूंना महामार्गावर चितारआळीची मोठी पाटी हवी. मळगावच्या सावंतवाडी रोड स्थानकावरही तशीच पाटी लागावी, यासाठी परिषदेने रेल्वेकडे पाठपुरावा करावा. मोती तलावाजवळ बसगाड्यांना तासभर थांबता येईल अशी जागा आणि आळीजवळ स्वच्छ स्वच्छतागृह हवे. बाईमाणसांची सोय नसेल तर सहलीची बस थांबत नाही, हे कोणत्याही चालकाला विचारा. या कामांना निधी फार लागत नाही. दिवाळीच्या हंगामाआधी ती व्हावीत.

आपला,
चितारआळीतल्या व्यवसायाचा जाणकार, एक वाचक
सावंतवाडी