अलंगचं एक इंजिन बडोद्यात आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी २० वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, आता रिटायर होऊन दांडिया बाजारात राहतो. परवा भाचा आला होता, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, पण त्याने विचारलं, मामा, जहाजाच्या इंजिनाला गिअर किती असतात? मी म्हटलं एकही नाही, तर त्याला पटेचना. मग वहीत आकृती काढून दाखवली की मोठ्या जहाजात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा, सरळ प्रोपेलरला म्हणजे पाण्यातल्या पंख्याला जोडलेला असतो, जहाज मागे घ्यायचं तर आख्खं इंजिन थांबवून उलटं फिरवायचं, आणि चालू करायला सेल्फ वगैरे काही नाही, ३० बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडायची की पिस्टन हलतो. तो बघत राहिला. म्हणाला, हे आम्ही पुस्तकात एका पानात वाचलंय, बघितलं कोणीच नाही. तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात आहे, की अलंगला जहाजं तोडतात तिथून एका इंजिनाचा भाग मुलांना बघायला बडोद्यात आणावा.

या इंजिनांचा आकार सांगून समजत नाही. २००६ मध्ये 'एमा मर्स्क' नावाचं कंटेनर जहाज आलं, त्याच्या इंजिनाला १४ सिलिंडर, वजन २३०० टन, उंची साडेतेरा मीटर म्हणजे चार मजली घर, आणि लांबी जवळपास २७ मीटर. आपल्या कमाटीबागेच्या म्युझियममध्ये व्हेलचा सांगाडा आहे ना, महीच्या मुखाशी १९४४ ला वाहून आलेला, तो ७० फुटांच्या आसपास आहे, हे इंजिन त्याच्यापेक्षाही लांब. ताकद १ लाख ९ हजार हॉर्सपॉवर, आणि एवढं सगळं मिनिटाला फक्त १०२ फेरे मारून! आपली गाडी सिग्नलला नुसती उभी असली तरी सात-आठशे फेरे मारते.

आणि हा सावकाशपणाच त्याची खरी ताकद आहे हे मुलांना कळायला पाहिजे. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची एक फेरी लांब, इंधनाला नीट जळायला वेळ मिळतो, सिलिंडर मोठा असल्यामुळे आतल्या वायूच्या मानाने भिंत कमी आणि उष्णता कमी वाया जाते, त्यामुळे इंधनातली निम्मी ऊर्जा शाफ्टवर मिळते. ट्रकच्या चांगल्या इंजिनालाही हे सहसा जमत नाही. वर मोठा प्रोपेलर हळू फिरला की पाण्यात जास्त चांगलं काम करतो, म्हणून गिअर लागतच नाही.

जळतं काय तर कोयलीच्या रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाला जे जाड काळं उरतं त्या जातीचं तेल. गार असताना डांबरासारखं, प्युरिफायरमधून साफ करून १३० डिग्रीच्या आसपास तापवल्याशिवाय इंजेक्टरमधून जात नाही. त्याचा धूर वाईटच होता, मी तो वर्षानुवर्षं बघितलाय आणि तेही मुलांना सांगितलंच पाहिजे. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलातल्या सल्फरची जगभरची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली, ते फार आधी व्हायला हवं होतं असं माझं मत आहे.

आता मुद्दा. ही इंजिनं बघायला कुठे परदेशात जायला नको, ती आपल्या खंभातच्या आखातापलीकडे अलंगला येतात. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात. उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्याच इंजिनावर जोरात किनाऱ्यावर चढवतात, म्हणजे त्या इंजिनाचं शेवटचं काम हेच, चांगलं चालू असलेलं इंजिन त्या दिवशी कायमचं बंद होतं. मग गॅस कटर. कामगार बिचारे उन्हातान्हात जिवावर उदार होऊन ते तुकडे करतात, काही पार्ट त्रापजच्या रस्त्यावरच्या दुकानांत विकले जातात आणि बाकी सगळं भट्टीत.

त्यातलं एक, अख्खं नाही, फक्त एक युनिट, म्हणजे एक सिलिंडर त्याच्या पिस्टन आणि रॉडसकट, बडोद्यात आणावं एवढीच माझी मागणी आहे. प्रतापनगरला नॅरोगेजची इंजिनं जपली आहेत, लोक आवर्जून मुलांना दाखवायला नेतात. आणि ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, म्हणजे रुडॉल्फ डिझेलचं इंजिन ऑग्सबर्गला १८९७ मध्ये नीट चाललं त्याच्याही आधी, त्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने क्रॉसहेड, म्हणजे पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता सांधा, डोळ्याने बघितलेला नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं. कॉलेज, महापालिका, म्युझियम, कोणीही पुढाकार घ्या, पण भंगाराच्या भावात मिळतंय तोवर घ्या.

घेताना मात्र जाणकार माणूस बरोबर न्या. ६० सेंटिमीटर बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) युनिट पुरे, आम्ही लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यात, शिडी लावून उतरायचो आणि गेज लावून झीज मोजायचो तेवढं ते मोठं असतं. पिस्टन रॉडसकट मागा, मधून कापलेला घेऊ नका. क्रॉसहेड आणि कनेक्टिंग रॉड त्याच युनिटचे पाहिजेत. तेल आणि काजळी तिथेच साफ करून घ्या, जुनं जहाज असेल तर पाइपांच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असतं ते अजिबात येऊ देऊ नका. आणि लायनरला एका बाजूने उभी खिडकी कापून घ्या, म्हणजे खालची हवेची भोकं आणि पिस्टन कुठवर जातो ते लहान पोरालाही दिसेल.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर
दांडिया बाजार, वडोदरा