केमो चालू असताना ताप आला तर वाट बघत थांबू नका
सगळ्यांना पुन्हा एकदा कळकळीची आठवण, कारण ग्रुपवर "थोडी कणकण आहे, सकाळी बघू" असे मेसेज अजून येतात आणि वाचून खरंच काळजी वाटते. केमो घेतल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या की शरीराकडे लढायला कोणी उरतच नाही, म्हणून पू, सूज, खोकला असं काही दिसत नाही आणि कधीकधी ताप हे एकच लक्षण असतं. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त दिसला की रात्रीचे २ वाजले असले तरी लगेच हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. तिथे पोचल्यावर आधीच सांगा की केमो चालू आहे, शेवटचा डोस कधी झाला ते पण, म्हणजे रांगेत बसवणार नाहीत. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.

आणि प्लीज, ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल घेऊ नका, आकडा खाली येतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. स्टेरॉइड चालू असेल तर कदाचित ताप येणारही नाही, मग थंडी वाजणं, चक्कर, लघवी कमी होणं, पोर्टजवळ (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं साधन) लाली, यातलं काहीही दिसलं तरी तेच करायचं. थर्मामीटर गुदद्वारात लावू नका, तिथे जखम झाली तर नवीनच त्रास. घरच्यांनी हात साबणाने धुवायचे, सर्दी झालेल्याने लांब राहायचं.