सूचना : रविवारचा ३० किलोमीटरचा सराव आणि वेगाची शिस्त

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी पहाटे ५ वाजता पवनार येथील धाम नदीच्या पुलाजवळून सराव सुरू होईल.

साडेतीन तासांत मॅरेथॉन पूर्ण करण्यासाठी दर किलोमीटरला सरासरी ४ मिनिटे ५८ सेकंद लागतात. तरीही पहिले ५ किलोमीटर कोणीही दर किलोमीटरला ५ मिनिटे १० सेकंदांपेक्षा वेगाने धावू नये. थंडीत पाय हलके वाटतात; परंतु सुरुवातीच्या घाईत स्नायूंतील ग्लायकोजेन (साठवलेली साखर, म्हणजे धावण्याचे इंधन) लवकर संपते आणि मॅरेथॉनची खरी परीक्षा तर ३० किलोमीटरनंतरच असते. केनियाचे धावपटू केल्विन किप्टम यांनी २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्यांचा पूर्वार्ध ६० मिनिटे ४८ सेकंदांचा, तर उत्तरार्ध ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा होता, हे आपल्या तरुण सदस्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

• शेवटचे १० किलोमीटर ठरलेल्या वेगाने धावावेत.
• अंधारात जिनिंगकडे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याकडे) जाणारे कापसाचे ट्रॅक्टर पुष्कळदा मागच्या दिव्याविना असतात. म्हणून बॅटरी सोबत ठेवून, उजव्या कडेने एका रांगेत धावावे.

येऊ न शकणाऱ्यांनी शुक्रवार सायंकाळपर्यंत गटप्रमुखांना कळवावे.