सर, तुम्ही नळी माझ्या हातात दिलीत

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी हे बोलायचं राहून गेलं. आज सगळ्यांसमोर लिहितेय. तरुणांमधून नेतृत्व घडायला हवं, असं भाषणांत सारखं ऐकते. ते घडवताना मी तुम्हाला पाहिलंय, आणि ते चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. मी तेव्हा एफ.वाय.ला होते. चारच महिन्यांपूर्वी पॅरिसला हवामानबदलाचा करार झाला होता. तुम्ही दोन्ही बातम्यांची कात्रणं फळ्यावर शेजारी शेजारी लावलीत आणि म्हणालात, "ही एकच बातमी आहे." मग खाली खडूने लिहिलंत : 'आणि आपल्या शिवारातला ऊस.' जगाकडे बोट दाखवून मोकळं व्हायची सोय तुम्ही आम्हाला ठेवली नाहीत.

एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला बाबा मला पाठवायला तयार नव्हते. तुम्ही एसटीने आमच्या गावी आलात, ओट्यावर बसून तासभर बाबांशी बोललात आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून न जेवताच निघालात. आईने थापलेल्या भाकरी तशाच राहिल्या.

कॅम्पच्या पहिल्या रात्री शाळेच्या पडवीत तुम्ही हिशेब मांडलात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी. गावाचं शिवार आठशे हेक्टर, पाऊस सातशे मिलिमीटर धरा. उत्तर आलं 560 कोटी लिटर. एवढं पाणी पडतं, मग मार्चमध्ये विहीर कोरडी का? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवारफेरीला नेलंत आणि पाणी वाहून जाण्याच्या वाटा आमच्याकडूनच नकाशावर काढून घेतल्यात.

उतारावरचं पाणी अडवून जमिनीत मुरवणाऱ्या समतल चरांची आखणी तुम्ही माझ्यावर सोपवलीत. दोन काठ्या, मधे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडची पातळी जुळली की खुणेसाठी चुन्याची फक्की टाकायची. मुलांनी दुपारपर्यंत खणलं. मग गावातल्या एका आजोबांनी पिण्याच्या पाण्यातली एक घागर आणून चरात ओतली. पाणी थांबलं नाही. सगळं एका टोकाला धावलं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता, तो मी पाहिलाच नव्हता.

पन्नास मुलं, घामाघूम झालेली, माझ्याकडे बघत होती. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सावरून घ्याल, निदान काहीतरी बोलाल, असं वाटलं होतं. तुम्ही नुसते थांबलात. शेवटी मीच म्हणाले, "आखणी माझी चुकली. चर पुन्हा खणावा लागेल." आवाज थरथरत होता. तेव्हा तुम्ही टिकाव उचललात आणि रांगेच्या शेवटी जाऊन खणायला लागलात. तुमच्या मागून सगळी मुलं. अंधार पडेपर्यंत चर झाला, आणि या वेळी दुसरी घागर जिथल्या तिथे मुरली.

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. चूक तुमच्या नावावर घेणं तुम्हाला सोपं होतं, पण ती तुम्ही माझ्याजवळ राहू दिलीत.

पुढे तुम्ही आम्हाला हिवरे बाजारला नेलंत. पाऊस मोजून, विहिरींची पातळी बघून यंदा कोणतं पीक घ्यायचं हे ठरवणारं गाव मी तिथे पाहिलं. आज मी गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम करते. ग्रामसभेत उभं राहून 'यंदा ऊस नको' म्हणणं अजूनही जड जातं. ज्याच्या उसावर मुलीचं लग्न ठरलंय, त्याला हे सांगताना माझ्याकडे आकडे असतात, पण शब्द अपुरे पडतात. मग मी तुमच्यासारखीच गप्प बसते आणि लोकांनाच बेरीज करू देते. कधी गाव ऐकतं, कधी नाही.

सर, तुमचे आभार मानते. त्या फळ्यासाठी, त्या टिकावासाठी, आणि आमच्या ओट्यावरच्या त्या तासासाठी.

जानेवारीत आमच्याच गावात कॅम्प आहे. तुम्ही यायचंच. गाडीने परत सोडायची जबाबदारी बाबांनी घेतलीय. या वेळी सर जेवल्याशिवाय जाणार नाहीत, असं आईने आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमची विद्यार्थिनी