मेन्था लावण्याआधी पाणी मोजा

महोदय,

उन्हाळ्यात मेन्था, म्हणजे तेलासाठीचा पुदिना, लावून तेल विका, असा सल्ला हल्ली शेतकऱ्यांना मोबाइलवर सर्रास मिळतो. पीक खरोखर गुणी आहे. बाम, टूथपेस्ट, खोकल्याच्या गोळ्या यांतला गारवा याच पुदिन्याच्या तेलातल्या मेन्थॉलचा. पण ते जिथे रुजले, त्या उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीची परिस्थिती कुणी सांगत नाही. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत मुळ्या लावतात, मे-जूनमध्ये कापणी आणि लगेच भाताची तयारी. कापलेला पाला थोडा सुकवून गावातल्याच टाकीत वाफेवर शिजवतात. ती वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यावर तेल तरंगते, ते डब्यात भरून घरी ठेवतात आणि भाव चढला की विकतात. हाताशी कालवे असूनही पाणी वाचावे म्हणून लखनौच्या 'सीमॅप' या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने वरंब्यावर लागवडीचे तंत्र दिले.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर येतो, तिथे या पिकाला पाण्याच्या पाळ्या कुठून द्यायच्या? शिवाय कारखान्यातल्या कृत्रिम मेन्थॉलशी स्पर्धा आहेच. कृषी विभागाने विहिरीचे उन्हाळी पाणी आणि जवळ तेल काढायची सोय, दोन्ही पाहूनच शिफारस करावी. बारमाही पाणी असलेल्यांनीही आधी दोन-चार गुंठ्यांत करून पाहावे.

– एक शेतकरी, जि. परभणी