मित्रास पत्र : कच्च्या वाटांसाठी जीपीएस घेताना

पुणे,
ऑक्टोबर अखेर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जानेवारीत जैसलमेर-बाडमेर भागात होणाऱ्या मोटरसायकलच्या ट्रेल राइडला, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या सफरीला, तू नाव नोंदवलेस हे वाचून फार बरे वाटले. चुलतभाऊ न्यू जर्सीहून येणार आहे, तेव्हा त्याच्याकडून गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रांपैकी झूमो मागवू की मोंटाना, हे एका ओळीत कळव, असे तू लिहिले आहेस. एका ओळीत सांगायचे तर मोंटाना घे, पण मॉडेलच्या आकड्यापुढे ‘आय’ हे अक्षर नसलेली घे. मात्र तेवढ्यावर हे पत्र संपवले तर तू दुकानदाराला विचारायला जाशील आणि तो तुला सर्वांत मोठा पडदा दाखवील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंत्र निवडण्याआधी आयोजक तुझ्या हातात काय देणार आहेत, हे विचारून घे. आपल्याकडे रॅली, ट्रेल, टूर हे सगळे शब्द एकाच पोस्टरवर सुखाने नांदतात, पण प्रत्येकाचे वाट दाखवण्याचे साधन वेगळे असते. वेळ आणि सरासरी वेगाच्या टीएसडी रॅलीत रोडबुक, म्हणजे वळणांची छापील वही, आणि कापलेले अंतर मोजणारा अचूक ट्रिपमीटर यांवर सारा खेळ चालतो. वाळवंटातल्या डकारसारख्या शर्यतीत तर स्वतःचे जीपीएस वापरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिथले यंत्र आयोजकांचे असते आणि बरेचसे बिंदू तू त्यांच्याजवळ पोहोचेपर्यंत ते मुद्दाम लपवून ठेवते. तुझा कार्यक्रम यांतला नाही. तिथे आदल्या दिवशी जीपीएक्स फाईल, म्हणजे यंत्रात भरायची वाटेची नोंद, मिळणार आणि सकाळी ज्याने त्याने आपापल्या वेगाने त्या रेषेवरून संध्याकाळच्या मुक्कामी पोहोचायचे. म्हणजे ती रेषा इमानाने दाखवील असे यंत्र तुला हवे आहे, आणि बाकीचे सारे गुण त्याच्या मागून येतात.

आता त्या फाईलमध्ये ट्रॅक आहे की रूट आहे, ही गोष्ट नीट समजून घे. ट्रॅक म्हणजे पुढे गेलेल्या माणसाने वाटेभर टाकत नेलेली चुन्याची रेघ. रूट म्हणजे त्याने चार ठिकाणांची नावे सांगून मधली वाट तुझ्यावर सोपवणे. रूट मिळाला की यंत्र आपल्या पोटातल्या नकाशावर मधला रस्ता स्वतः काढते, आणि आयोजकाचा नकाशा व तुझा नकाशा एक नसेल तर दोघांचे रस्तेही एक निघत नाहीत. आपल्याच भागातले उदाहरण घे. ताम्हिणीच्या अलीकडून भांबुर्ड्यामार्गे तैलबैलाच्या बाजूने लोणावळ्याकडे निघालास आणि मधला कच्चा तुकडा तुझ्या नकाशात नसला, तर यंत्र तुला निर्विकारपणे मागे फिरवून पौड, चांदणी चौक आणि महामार्ग अशी डांबरी प्रदक्षिणा घडवील. तू त्याच्याशी वाद घातलास तर ते पुन्हा हिशेब करील आणि पुन्हा तेच सांगेल. ट्रॅकच्या बाबतीत हा धोका नाही, कारण पोटात नकाशा अजिबात नसला तरी कोऱ्या पडद्यावर रेघ उमटतेच. म्हणून आयोजकांकडून ट्रॅकच माग, आणि यंत्रातील पुन्हा मार्ग काढण्याची सोय बंद करून ठेव.

ट्रॅकलाही एक मर्यादा असते, ती बिंदूंची. गार्मिनच्याच ईट्रेक्स २० आणि ३० या लहान, जुन्या आणि अजूनही सेकंडहँड मिळणाऱ्या यंत्रांत एका ट्रॅकला १०,००० बिंदूंची हद्द आहे. आयोजकाने दर दहा मीटरला एक बिंदू नोंदवला असेल तर १०० किलोमीटरला हे बिंदू संपतात, आणि १६० किलोमीटरच्या दिवसातली पुढची साठ किलोमीटर तुझ्या पडद्यावर उमटतच नाहीत. तुला याचा पत्ता दुपारी लागतो. उपाय सोपा आहे: घरी संगणकावर बेसकॅम्प या गार्मिनच्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडून दिवसाचे दोन तुकडे करायचे किंवा बिंदू विरळ करायचे. पण यंत्र कोणतेही घेतलेस तरी फाईल चढवल्यावर रेघेचे शेवटचे टोक मुक्कामाच्या गावापर्यंत पोहोचले आहे का, हे आदल्या रात्री पाहूनच झोपावे, असे मी सर्वांना सांगत असतो.

पडद्याविषयी तू बरेच विचारले आहेस. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिलेस तर तू बावीस मीटर वाळू न पाहता ओलांडलीस, आणि वाळूत तेवढ्यात पुष्कळ काही घडू शकते. म्हणून पडद्याच्या आकारापेक्षा एका नजरेत काय कळते याला जास्त किंमत आहे. पडदा उभा ठेवावा, म्हणजे पुढची वाट जास्त दिसते. जाण्याची दिशा वर ठेवावी. रेघ जाड आणि गडद करावी, कारण फिकट गुलाबी रेघ वाळवंटाच्या पिवळट नकाशात बुडून जाते. नकाशाचे आपोआप लहानमोठे होणे बंद करून त्याच्या कोपऱ्यातली अंतराची पट्टी ८० ते १२० मीटरच्या आसपास स्थिर ठेवावी. राजस्थानात जिथे दोन चाकोऱ्या एकमेकींपासून अगदी थोड्या कोनात फुटतात, तिथे ८०० मीटरच्या पट्टीवर दोन्ही एकच दिसतात. चुकल्याचे कळेपर्यंत तू भलत्याच ढाणीच्या, म्हणजे तिकडच्या वस्तीच्या, कुंपणाशी उभा असतोस.

झूमो एक्सटी हे यंत्र मी वाईट म्हणत नाही. साडेपाच इंची पडदा, भर उन्हातही दिसणारा प्रखर प्रकाश, हातमोज्यांनी चालणारा स्पर्श, हे सगळे त्यात आहे, आणि पुणे ते हंपी अशा डांबरी सहलीला मी तेच सुचवले असते. पण त्याचा जीव रस्त्यावर आणि वळणे बोलून दाखवण्यात आहे, आणि पडदा पूर्ण उजळ ठेवला तर त्याची स्वतःची बॅटरी साडेतीन तासांच्या आसपास टिकते, म्हणजे गाडीच्या विजेवाचून त्याचे भागत नाही. मोंटाना ७०० मुळात हातात घेऊन रानात हिंडण्यासाठी केलेले यंत्र आहे. पडदा पाच इंची, बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १८ तासांपर्यंत, आणि ट्रॅक हाच त्याचा मूळ धंदा. गाडी सोडून हरिश्चंद्रगडावर निघालास तरी ते खिशात येईल. खिसा मोठा हवा, एवढेच.

मी स्वतः गार्मिनचेच बटणांचे जीपीएसमॅप ६६ वापरतो. त्याचा पडदा तीनच इंची आहे आणि तो पाहून तू हसला होतास. परंतु माझे हिंडणे श्रावणातल्या सह्याद्रीत असते, आणि तिथे स्पर्शाच्या पडद्यावर पावसाचे थेंबच बोटांचे काम करू लागतात, नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, कधी भलतीच यादी उघडतो. चिखलाने माखलेल्या मोज्यातूनही बटण दाबले गेल्याचे अंगठ्याला कळते. शिवाय त्याचा पडदा सूर्याचा प्रकाश परतवून उजळतो, त्यामुळे जितके ऊन तितके स्पष्ट दिसते. तुला जानेवारीत थरमध्ये पाऊस भेटणार नाही, म्हणून माझा आग्रह मी तुझ्यावर लादत नाही.

मोबाईलवर भागणार नाही का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स या ॲपवर नकाशे उतरवून ठेवले तर नेटवर्कवाचून ट्रॅक छान दिसतो, आणि एखादी राइड करून पाहण्यापुरते तेवढे पुरेसे आहे. परंतु ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते. तुझा रोजचा फोन, ज्यात बँक, ऑफिस आणि मुलांचे फोटो आहेत, तो हँडलवर चार दिवस आपटत ठेवू नकोस. घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन ट्रॅक भरून बॅगेत दुसरे साधन म्हणून ठेव. तुझ्या हिमालयन ४५० मोटरसायकलचा गोल पडदाही गूगल मॅप्स दाखवतो खरा, पण तो फोनच्या जिवावर चालतो. जोधपूरपर्यंत त्याचा उपयोग कर.

आता ‘आय’ अक्षराविषयी. मोंटाना ७००आय, ७५०आय, जीपीएसमॅप ६६आय या यंत्रांत इनरीच नावाची सोय असते, तिच्यातून उपग्रहाद्वारे संदेश आणि एसओएस पाठवता येतो. साधे जीपीएस उपग्रहाचे फक्त ऐकते. इनरीचवाले यंत्र उपग्रहाशी बोलते, आणि आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असे यंत्र बाळगणे बेकायदा आहे. इनरीच सामानात सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. त्यातून तू जाणार सीमेलगतच्या जिल्ह्यांत. अमेरिकेतल्या दुकानात ‘आय’वालेच मॉडेल पुढे केले जाते आणि तुझा भाऊ भल्या मनाने तेच उचलील, तेव्हा त्याला आजच फोन कर आणि खोक्यावर फक्त ‘७००’ असावे, असे बजाव. अडचणीच्या वेळी मदत मागण्याची सोय आयोजकांच्या मागच्या गाडीकडे काय आहे, हे तू त्यांना नोंदणीच्या वेळीच विचारायला हवे होतेस, अजून विचार.

तिकडून आलेल्या यंत्रात नकाशा अमेरिकेचा असणार. त्याची चिंता नको. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशापासून तयार केलेले गार्मिनसाठीचे भारताचे नकाशे फुकट मिळतात, ते मेमरी कार्डावर टाकले की झाले. आपल्या सह्याद्रीतल्या वाटा हौशी लोकांनी त्यात बऱ्यापैकी भरल्या आहेत. थरमध्ये नकाशा विरळच दिसेल, पण तुझा आधार ट्रॅक आहे. उपग्रहांच्या दोन लहरी ऐकणाऱ्या मल्टीबँड यंत्रांसाठी जास्त पैसे मोजू नकोस. कड्यांच्या कुशीत, जिथे संकेत दगडावर आपटून येतो, तिथे त्यांचा फायदा होतो. मोकळ्या वाळवंटात आकाश चहूबाजूंनी उघडे असते.

बसवण्याच्या कामात मात्र कंजुषी करू नकोस, कारण रानात यंत्रापेक्षा त्याची वायर आधी दगा देते. लहान यंत्रांच्या पाठीत खुपसलेली यूएसबीची पिन दिवसभराच्या धक्क्यांनी सैल होते, म्हणून मोंटानासाठी मिळणारे मोटरसायकलचे खास पाळणेच घे, ज्यात यंत्र खटकन बसते आणि वीज धातूच्या टेकूंतून येते. ते ॲम्प्स या ठरलेल्या मापाच्या चार छिद्रांवर, म्हणजे ३० बाय ३८ मिलिमीटरवर बसते आणि हँडलला लावायच्या एक इंची गोळ्याच्या रॅम माउंटला जुळते. जागा हँडलच्या मध्यावर, शक्यतो मीटरच्या वर निवड, म्हणजे उभे राहून चालवताना मान खाली घालावी लागत नाही. वायर इग्निशननंतरच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या लाइनीवरून, वेगळा फ्यूज घालून घे. हेडस्टॉकपाशी, म्हणजे हँडल जिथे वळते तिथे, तिला थोडी ढील ठेव आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणत नाही ना, हे मेकॅनिकसमोर उभा राहून पाहा. यंत्राला एक बारीक दोरीही बांध. पाळण्यातून निसटलेले यंत्र वाळूत शोधताना फार वेळ जातो.

यंत्र हाती आल्यावर आयोजकांकडून मागच्या वर्षीची एखादी फाईल मागून घे, पण राइडला निघण्याआधी पुरंदरच्या बाजूला कोणत्याही ट्रॅकवर एक सकाळ चालवून पाहा. पाळण्याचे बिल माझ्या नावावर टाकायचा विचार असेल तर तो सोडून दे. भाऊ कोणत्या तारखेला येतो ते कळव, म्हणजे नकाशे भरून द्यायला मी येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र